घरातला शब्द

अपर्णाबाईंनी चिमटा उघडून ‘हळद’ दोरीला लावली आणि पुढच्या मुलापुढे हात केला. पहिलीच्या वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. मुलांनी घरात जे काही लिहिलेलं दिसेल त्यातला एक शब्द चिठ्ठीवर उतरवून आणायचा, सगळ्यांना वाचून दाखवायचा, मग तो दोरीवर जायचा. विकीने बापाच्या टेम्पोवरचा ‘सावकाश’ आणला होता. गुड्डीने ‘मीठ’.

“हिने काल पण मीठच आणलेलं,” विकी म्हणाला.

“आमच्यात मीठच संपत नाही,” गुड्डी म्हणाली.

सोनीचा हात आजही रिकामा होता.

“आमच्या घरात लिहिलेलं काहीच नाही, बाई.”

“डब्यांवर? पिशव्यांवर?”

“ते सगळं गुजरातीत आहे.”

सिल्वासात हे खरंही असू शकत होतं. बाईंनी ताणलं नाही. पण या मुलीचं त्यांना कोडं पडलं होतं. वाळूच्या ताटात ती बोटाने इतकी वळणदार अक्षरं काढी की बघत राहावं, आणि जोडीने वाचायला बसवलं की तोंड मिटून घेई.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी वाचनाच्या तासाला त्या येत. कारखाने नवे होते तेव्हा याच वर्गात धुळे-नंदुरबारकडची पोरं दाटीवाटीने बसत, मागची तर खिडकीत. आता मराठीच्या वर्गात एक ओळही धड भरत नव्हती.

शाळा सुटल्यावर सोनीचा बाप दारात उभा राहिला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पाळी संपवून तसाच आलेला. हा नवनाथही एके काळी त्या खिडकीतच बसायचा. बाईंनीच त्याला वाचायला शिकवलं होतं.

“ये ना आत. परक्यासारखा काय उभा राहतोस?”

तो आत आला, पण बसला नाही. दोरीवरच्या चिठ्ठ्या बघत राहिला.

“बाई, एक मागणं होतं. सोनीला वाचायचं जरा मागे ठेवा.”

“मागे?”

“म्हणजे सध्या शिकवू नका.”

बाईंना वाटलं, पोरीला गुजराती शाळेत घालणार असेल. तसे बरेच जण घालत होते. पण नवनाथचं वेगळंच होतं. त्याची बायको रेखा चैत्रात बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथेच गेली. बाळही राहिलं नाही. सोनी तेव्हा इथे आजीजवळ होती. आई मामाकडे आहे, पावसाळा सरला की येईल, असं त्याने तिला सांगितलं होतं. चाळीतल्या लोकांना हात जोडून गप्प बसवलं होतं.

“आईने रेखाचा फोटो करून आणला. मी हार काढून टाकला. पण खाली छापलंय ना. ‘कै.’, मग नाव, मग निधन, तारीख.”

“मग फोटो उतरव.”

“आई उतरू देत नाही. म्हणते, माझ्या सुनेला भिंतीवर तरी जागा राहू दे.”

बाईंनी खडू फळ्याखाली ठेवला आणि बोटं पदराला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

“नवनाथ, ती आज ना उद्या वाचणारच. मी नाही शिकवलं तरी. त्याआधी तू सांग. असं भिंतीवरून कळू देऊ नकोस तिला.”

“माझ्याने एकट्याने नाही व्हायचं. तुम्ही याल?”

रविवारी बाई दादऱ्याला जाणाऱ्या रिक्षात बसल्या आणि चाळीपाशी उतरल्या. खोलीत भिमाबाई, नवनाथची आई, भाकरी थापत होती.

“बसा बाई. च्या मांडस,” ती म्हणाली आणि सुनेच्या फोटोकडे न बघता उठली.

फोटो देवाच्या फळीशेजारी होता. हिरव्या साडीतली रेखा, अवघडून हसणारी. चहा झाला. नवनाथने दोनदा घसा खाकरला. बाईंनी मानेने त्याला ‘सांग’ म्हटलं. त्याने सोनीला जवळ ओढलं, तिच्या फ्रॉकचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं.

मग एकदम त्याने फोटो खाली काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“सोनी, इथे काय लिहिलंय, वाच बरं.”

भिमाबाईने कपबशी खाली ठेवली.

सोनीने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. “माझी... आई,” ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. “मामाकडे... गेली. येईल.”

नवनाथने श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आल्यासारखं दिसलं.

“बघा बाई, कुठे येतंय तिला अजून. राहू द्या. दिवाळीनंतर सांगू.”

वाचता न येणारं मूल चित्राकडे बघून वाक्य रचतं, हे बाईंनी जन्मभर पाहिलं होतं. सोनीने चित्राकडे पाहिलं नव्हतं. बोट अक्षरांखाली होतं आणि डोळे बापाच्या तोंडावर.

रिक्षापर्यंत सोडायला सोनी आली. गल्लीच्या तोंडाशी तिने बाईंचा हात धरला.

“शाळेत मी वाचीन, बाई. पप्पांना सांगू नका.”

“का गं?”

“ते रोज झोपताना सांगतात मला, आई आज काय करत होती ते. मला वाचता येतं म्हटलं तर मग सांगणार नाहीत.”

रिक्षा येऊन थांबली. बाईंनी चढायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“काल काय करत होती?”

“शेंगा फोडत होती,” सोनी म्हणाली. “मामाच्या ओट्यावर बसून. माझ्या वाट्याच्या वेगळ्या ठेवल्यात.”