बोनेटखालून काढलेलं इंजिन

सप्टेंबरातल्या एका सकाळी साडेनऊच्या सुमाराला नागेशचा फोन वाजला, तेव्हा तो गॅरेजमध्ये गाडीखाली आडवा होता. रात्रभर इस्पितळात बसून तो आंघोळीपुरता घरी आला होता. आंघोळ झाली, आणि पाचच मिनिटं म्हणून तो गॅरेजमध्ये उतरला होता. फोन इस्पितळातून होता. तो नुसता हो, हो म्हणत राहिला. मग गाडीखालून बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि माझ्यावर टेकून उभा राहिला. त्याची बायको कुंदा गेली होती.

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. आठ सिलिंडरचं, ओतीव लोखंडाचं, अडीचशे किलोंच्या वर वजनाचं. जर्मनीत नेकारसुल्म नावाचं गाव आहे, तिथल्या एका घराखालच्या गॅरेजमध्ये मी लाकडी पॅलेटवर बसून असतो. ज्या निळ्या अमेरिकन गाडीत मी पंचेचाळीस वर्षं काढली, ती माझ्यासमोर तीन हातांवर उभी आहे. तिच्यात आता दुसरं इंजिन आहे.

माझा जन्म १९६८ सालचा, अमेरिकेतला. तिथून एका सैनिकाने ती गाडी बोटीने इकडे आणली. जवळच हाइलब्रॉनला त्यांची छावणी होती. छावणी उठली तेव्हा त्याने गाडी एका द्राक्षमळेवाल्याला विकली. मळेवाल्याने ती कोठारात ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि विसरून गेला. माझ्या एअर फिल्टरमध्ये उंदरांच्या किती पिढ्या झाल्या ते मी मोजलं नाही. २००९ साली नागेश वाळिंबे तिथे द्राक्षांचा रस घ्यायला गेला आणि त्याने ताडपत्री उचलून बघितली.

नागेश पुण्याचा इंजिनियर. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात त्याचं काम एकच, थरथर. गाडी कुठे थरथरते ते शोधायचं आणि ती थरथर मारायची. त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आठ महिने रोज संध्याकाळी खपून त्याने मला चालू केलं. त्या दिवशी कुंदा जिन्यावरून खाली आली, पुढच्या लांब सीटवर बसली आणि म्हणाली, "सवत आणलीत म्हणायची. सोफा मात्र चांगला आहे तिचा."

ती तीन-चार वर्षं माझी चांगली गेली. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरायचा. नागेशने बोनेट उघडलं की म्हातारे जर्मन भोवती जमायचे आणि मान डोलवत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणायचे. दसऱ्याला कुंदा गाडीला झेंडूची माळ घालायची आणि माझ्या झाकणावर कुंकू लावायची. पहिल्या वर्षी तिने ते तापलेल्या झाकणावर लावलं, तर जळून काळं पडलं आणि वास सुटला. पुढच्या वर्षीपासून ती सकाळी मी गार असतानाच यायची आणि जाताना नवऱ्याला बजावायची, "आजचा दिवस चालवू नका हो."

ती वेंगुर्ल्याची. जर्मनीत येऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि इथला समुद्र काही तिने बघितला नव्हता. तो उत्तरेला, सहाशे किलोमीटरवर. नॉर्डडाइख नावाचं गाव तिने नकाशावर शोधून ठेवलं होतं. दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात कारखान्याचं काहीतरी निघायचं.

२०१३ च्या पावसाळी नोव्हेंबरात तिचं दुखणं कळलं. उपचार सुरू झाले. एकदा इस्पितळातून परत येताना तिला गाडीतच उलटी झाली. नागेशने तिला वर नेऊन झोपवलं, तासाभराने ती चहा घेऊन खाली आली तर हा बोनेट उघडून उभा.

"ह्या थरथरीने होतंय तुला," तो म्हणाला. "आणि पेट्रोलचा वास. जुनं इंजिन आहे, वास येणारच."

"अहो, औषधाने होतेय उलटी. गाडी बिचारी काय करते?"

"ह्याच्या जागी नवं, छोटं इंजिन टाकतो. दोन महिने दे. पाण्याने भरलेला पेला ठेवलास तरी हलणार नाही. मग सरळ नॉर्डडाइख."

"पेला कशाला हवाय? मला न्या म्हणजे झालं."

उल्हास म्हणून त्याचा एक मित्र आहे. लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात असतो. तो शनिवारी आला, त्याने वाकून माझ्याखाली बघितलं.

"नाग्या, ही बुडाची दोन रबरं बघ. दगड झालेत. आधी ती बदल की."

"रबरांनी थोडा फरक पडेल. मला सगळा हवाय."

"आणि वास?"

"म्हणूनच तर इंजिन बदलतोय."

"तुला समुद्रावर जायचंय की बक्षीस घ्यायचंय?" उल्हास म्हणाला, पण हसत म्हणाला, म्हणून ते तसंच राहिलं. वासाचं नागेशचं खरं होतं, तेवढं मी कबूल करतो. पण ती रबरं बदलायला एक दुपार पुरली असती आणि वासापुरती खिडकी उघडता आली असती.

जानेवारीत साखळी बांधून मला वर उचललं आणि पॅलेटवर ठेवलं. माझ्या जागी एका अपघातातल्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन आणलं. ॲल्युमिनियमचं, माझ्या निम्म्या वजनाचं, वर प्लॅस्टिकचं झाकण. इथे असं काही केलं की सरकारी नियमाप्रमाणे तपासणी करून घ्यावी लागते, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यासाठी हेर केसलर, म्हणजे श्रीयुत केसलर, नावाचे वयस्क तपासनीस होते. नंबरपाटीवर जुन्या गाडीचं मानाचं एच अक्षर असतं ते जाईल, असं त्यांनी आधीच सांगितलं. नागेशने ते मान्य केलं. दोन महिन्यांचे सहा झाले. जुलैच्या नऊ तारखेचा टर्मिन मिळाला, म्हणजे तपासणीची वेळ ठरली.

जूनच्या शेवटी नवं इंजिन चालू झालं. कुंदा लोकरीची टोपी घालून, कठडा धरत खाली आली आणि सीटवर बसली.

"कशी वाटतेय?"

"छान आहे हो. झोप लागेल."

"आता थांब. मिनिटाला एकोणीसशे फेऱ्यांवर नेतो. पायाला जाणवतंय काही?"

"नाही."

"नीट बघ. तळव्याला."

"अहो, नाही जाणवत मला. पास करून घ्या आणि चला."

पण त्याने गाडीला थरथर मोजायचं यंत्र लावलं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघ हलत होती. चार सिलिंडरचं इंजिन एका ठरावीक वेगाला असं हलतंच, त्याची जातच तशी. आठ सिलिंडरवाल्याचं तसं नसतं. हे त्याच्या धंद्यातलं पहिल्या वर्षीच शिकवतात. तरी त्याने केसलरना फोन लावला, स्पीकर चालू करून तो टपावर ठेवला आणि टर्मिन पुढे ढकलायला सांगितलं.

"हेर वाळिंबे," केसलर म्हणाले, "थरथर माझ्या यादीत नाही. ब्रेक आहेत, धूर आहे, आवाज आहे. तुम्ही गाडी घेऊन या."

"माझ्या यादीत आहे," नागेश म्हणाला.

सुट्ट्यांचे दिवस होते. पुढचा टर्मिन थेट नोव्हेंबरात मिळाला.

ऑगस्टमध्ये कुंदा एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली. त्यांच्याकडे रोजची एक करडी गाडी होती, ती बाहेर दारात उभी असायची.

"करड्या गाडीने जाऊ या ना," ती म्हणाली. "दोन दिवस. तुम्ही चालवा, मी मागे आडवी होते."

"आता एवढं केलंय, कुंदा. नोव्हेंबरात ह्याच गाडीने."

ती उठली. मग भिंतीला धरून वर गेली. त्यानंतर तिने समुद्राचं नाव काढलं नाही. नागेशला वाटलं, पटलं तिला.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. त्या सकाळी तो नव्या इंजिनाखालच्या ज्या रबराच्या तुकड्यावर काम करत होता, तो अजून कप्प्यात आहे. करून बघितलेल्यांतला तो सातवा. नोव्हेंबरचा टर्मिन त्याने मोडला. त्या वर्षी दसऱ्याला गॅरेजचं दार उघडलंच नाही.

इथे अस्थी घरी देत नाहीत. कलश अंत्यविधीच्या दुकानदाराकडे असतो. समुद्रात विसर्जन करायचं तर त्यासाठी बोट ठरवावी लागते. नाताळात त्यांची मुलगी मैथिली आली. ती हॅनोव्हरला शिकते. मराठी सगळं समजतं, बोलते जर्मन. ती जिन्यात उभी राहून बोलत होती आणि तो पाना शोधत होता.

"बाबा, बोटीची चौकशी मी केलीय. आपण ट्रेनने जाऊ."

"आईला ह्या गाडीने जायचं होतं. पुढच्या महिन्यात पास होईल."

"ऑगस्टमध्ये आईने मला फोन करून विचारलं होतं, तिथे जायला ट्रेनला किती तास लागतात."

नागेशचा हात थांबला. "मला नाही विचारलं."

"तुम्ही गाडीखाली होतात."

"मग तू काय सांगितलंस?"

"आठ तास," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं, बाबांना सांगते. ती म्हणाली, नको, त्यांचं होत आलंय."

मैथिली दुसऱ्या दिवशी गेली. तो तीन दिवस खाली आला नाही. चौथ्या दिवशी आला, दिवा लावला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. मला वाटतं, तिथे असताना त्याला कोणी काही विचारू शकत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की जुन्या वस्तू जपा, त्यांना वेळेवर तेल घाला. माझं तसं काही मागणं नाही. मला भंगारात घातलं तरी चालेल. तुमच्या घरी कोणी कुठे न्या म्हणून मागे लागलं असेल, तर जे वाहन दारात उभं असेल त्याने न्या. हादरे बसले तर बसू देत.

आता मार्च चालू आहे. विसर्जनाची तारीख विचारणारी अंत्यविधीवाल्याची दोन पत्रं येऊन पडली आहेत. तपासणीचा नवा टर्मिन सोळा जूनचा आहे आणि एकोणीसशे फेऱ्यांवरची रेघ अजून हलते आहे. कुंदाच्या अस्थींचं विसर्जन राहिलं आहे.