दोन डाव्या बाह्या

मास्तर नुसते नावाचे मास्तर. शाळेला त्यांनी सातवीतच रामराम ठोकला होता. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून हेही मास्तर. पण गेले दोन महिने त्यांना खरोखरची मास्तरकी करावी लागत होती, आणि विद्यार्थिनी कोण, तर त्यांचीच बायको!

वय अठ्ठावन्न, परीक्षा बारावीची. फॉर्म लेकीने भरून दिला होता. बाकीचे विषय बाईंनी एकेक करून सोडवले, पण भाषेचा पेपर तीन मार्कांनी राहिला. आता ही शेवटची खेप. या वेळी गचकलं की आधी सुटलेले विषयही बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या पेपरात 'कथेचे घटक' हा दहा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा, आणि तो नेमका बाईंच्या डोक्यावरून जायचा.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातच अभ्यास चाले. बाईंच्या हातात काजं, मास्तरांच्या हातात पुस्तक.

"संघर्ष म्हणजे?" मास्तरांनी चष्मा सावरत विचारलं.

"मारामारी नव्हे," दाताने दोरा तोडत बाई म्हणाल्या. "माणसाला काहीतरी हवं असतं आणि मध्ये काहीतरी आडवं येतं."

"शाबास! निवेदक?"

"गोष्ट सांगणारा. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला कळतं."

"उत्कर्षबिंदू?"

झालं, इथे गाडी अडली. बाईंनी सुई कापडात खोचून ठेवली. "अहो, या पुस्तकातल्या गोष्टी मला आपल्या वाटतच नाहीत. कोण कुठला जहागीरदार, त्याचा हरवलेला घोडा! मला काय करायचंय त्याचं?"

"मग आपलीच घे ना एखादी," मास्तर खुशीत आले. "कोटाची घे."

कोटाची गोष्ट मास्तर एकतीस वर्षं सांगत होते. मापं घेताना, तिखटमीठ लावून. नवंनवं दुकान, पहिलाच मोठा कोट, तोही वकीलसाहेबांचा. कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या असतात. मास्तरांनी घाईत एकेरी कापडावरच दोनदा खडू फिरवला, आणि दोन्ही बाह्या निघाल्या डाव्या हाताच्या! सकाळी नऊला वकीलसाहेबांनी कोट घालून बघितला, तर उजवा हात पुढे येईचना, पाठ खाजवायला निघाला. एक वाजता कोर्टात उभं राहायचं होतं त्यांना. मग उरल्यासुरल्या कापडातून नवी बाही कापली, जुनी उसवली, नवी बसवली, आणि एकाला दहा कमी असताना कोट तयार. "आणि सांगतो काय, साहेब ती केस जिंकले!" इथे गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. बाईही हसायच्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही पुढे सरकवली. मास्तरांनी ऐटीत लाल पेन काढलं आणि पहिल्याच ओळीला हसू लागले. "अगं, मुख्य पात्र, शिंप्याची बायको? चुकलं. मुख्य पात्र मी. नाहीतर वकील. तू तर गोष्टीत नाहीसच!"

"पुढे वाचा," बाई म्हणाल्या.

मास्तर वाचू लागले. 'संघर्ष: तिचा अकरा वाजता बारावीचा पेपर आहे. कोट एक वाजता द्यायचा आहे. उत्कर्षबिंदू: साडेदहा वाजता ती पिशवीत भरलेलं पेन पुन्हा बाहेर काढून ठेवते आणि बाही उसवायला बसते. निवेदक: तिचा नवरा. त्याला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. शेवट:' पुढे जागा कोरीच होती.

मास्तरांच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं.

"त्या दिवशी तुझा पेपर होता?"

"हो."

"तू तर म्हणालीस, अभ्यास झाला नाही म्हणून यंदा परीक्षेलाच बसत नाही."

"म्हणाले खरं. तुमचे हात इतके थरथरत होते, उसवताना कापडच फाडलं असतंत. दुकान बुडालं असतं."

"आणि मी मेला एकतीस वर्षं ती गोष्ट सांगून लोकांना हसवतोय! तूही हसायचीस."

"गोष्ट हसण्यासारखीच आहे की," बाई म्हणाल्या.

मास्तरांना रडू आवरेना. त्यांनी चष्मा काढला, मापाची टेप उगाच गुंडाळली, पुन्हा सोडली. बाईंनी उठून पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही.

पेपरच्या दिवशी सकाळी एका नवरदेवाचा कोट टेबलावर होता. चार काजं राहिली होती आणि नवरदेवाचे मामा एकला न्यायला येणार होते. काजं नेहमी बाईंची. मास्तरांना आता बारीक दिसत नसे. बाईंनी सवयीने सुई उचलली. "तेवढी करून निघते. होतं वेळेत."

मास्तरांनी सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. "अजिबात नाही. नेस ती नवी साडी, पेन घे आणि चल."

दुकानाला कुलूप लागलं. मामांना फोन गेला, "कोट दुकानात नाही, शाळेच्या फाटकाशी मिळेल." मामा काय म्हणाले ते मास्तरांनी ऐकून घेतलं नाही.

दोन वाजता बाई बाहेर आल्या, तेव्हा फाटकासमोरच्या बाकावर मास्तर मांडीवर कोट घेऊन बसले होते. शेजारी मामा, गाल हातावर टेकवून ऐकत होते. बाईंना बघताच तेच आधी उठले. "पेपर कसा गेला हो?"

"सगळा लिहिला," बाई म्हणाल्या, आणि त्यांची नजर कोटावर गेली. "अहो, तिसरं काज वाकडं झालंय."

"झालंय खरं," मास्तर म्हणाले.

"आणि यांना कुठली गोष्ट सांगत होता एवढी?"

"कोटाचीच. पण तुझ्या बाजूने."

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेत विचारलं, "शेवट काय सांगितलात?"

"शेवट कुठला?" मास्तर म्हणाले. "तू बाहेर यायची वाट बघत होतो."