विहिरीचा आकडा

"आकडा सांग, जयसिंग," प्राध्यापक मुलाणी म्हणाले.

"दोनशे, सर."

"वाल्मीक?"

"चारशे."

तपासणीला येऊन ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले रसायनशास्त्राचे विभागप्रमुख खो खो हसले. "विहीर एक आणि पाण्याचे जडपण दोन! बी.एस्सी.ची पोरं संशोधन करणार म्हणे. मुलाणी, उद्यापासून तुमचा हा गट बंद."

मोहिद्दीन मुलाणींनी दोन्ही आकडे वहीत टिपले. १९७९ च्या हिवाळ्यात दर रविवारी तीन विद्यार्थी घेऊन एस.टी.ने उरवड्याला यायचे, हा उद्योग त्यांनी अख्ख्या विभागाचा रोष पत्करून आरंभला होता. इथल्या गोजराबाईंच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. गाव म्हणे, विहिरीला शाप आहे. मुलाणींचा शापावर विश्वास नव्हता. तसा तो प्रॅक्टिकलच्या वहीवरही नव्हता. उत्तर आधी हेरायचे आणि निरीक्षणे त्याच्या मापाने बेतायची, ही विद्या मुले कॉलेजात पहिल्याच वर्षी पैदा करत. म्हणून आज त्यांनी तिघांना एकमेकांच्या नजरेआड बसवले होते.

"सायरा?"

गोठ्याकडून सायरा आली. चेहरा उतरलेला. "सर, तुम्ही तीनशे म्हणाला होतात. ते येतच नाहीत. पुन्हा पुन्हा केलं. पाचशे चाळीसच येतात."

"घ्या! तिसरा!" विभागप्रमुख म्हणाले.

"सर, सकाळी मी प्रत्येकाला एकटे गाठून अपेक्षित उत्तर सांगितले," मुलाणी शांतपणे म्हणाले. "जयसिंगला दोनशे, वाल्मीकला चारशे, हिला तीनशे. दोघांनी माझा आकडा आणला. हिने विहिरीचा."

जयसिंगची मान खाली गेली. वाल्मीक पुटपुटला, "माझंबी पाचशेच्या वर गेलं होतं, सर. वाटलं, मीच चुकलो."

"सरका," विभागप्रमुख बाह्या सारत उठले. "मी करतो."

नळीतून थेंब थेंब द्रावण चंबूत पडू लागले. रंगद्रव्य घातलेले पाणी लालच; निळे झाले की मोजणी संपणार. तीनशेच्या हिशेबाची खूण गेली, चारशेच्या हिशेबाची गेली, लालच. मग एका थेंबासरशी ते निळे झाले. त्यांनी हिशेब मांडला, चष्मा पुसला आणि पुन्हा मांडला.

"पाचशे अडतीस. मुलाणी, तुमचा स्वतःचा अंदाज किती होता?"

"तीनशे. मीही चुकलो."

"मग गट चालू ठेवा. तुम्हाला त्याची गरज दिसते."

जयसिंगने वाल्मीकच्या पाठीत असा गुद्दा घातला की चंबू थोडक्यात वाचला.

"काय झालं म्हनायचं, मास्तर?" दारातून गोजराबाईंनी विचारले. उत्तर सायराने दिले. "या पाण्यात क्षार फार आहेत, मावशी. त्यांनी डाळ कडक होते. कोणीही रांधली असती तरी कच्चीच राहिली असती."

"कुनीबी?"

"कोणीही."

"सासू म्हनायची, हिचा हातच वंगाळ. मरस्तवर म्हनली." त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मग डोईवरचा पदर सारखा केला. "ए पोरी, चूल पेटीव. वढ्याचं पानी आनते. आज तुमच्या ह्या मोठ्या सायबाला माझ्या हातची डाळ वाढायची हाय."

आणि कळशी काखेला लावून, विहिरीकडे ढुंकूनही न पाहता, त्या ताठ मानेने ओढ्याकडे चालू लागल्या.