कोरड्या नदीवरची सभा

चर्चच्या हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. कालोन्डूला मात्र सकाळपासून उकडलेल्या मका-घेवड्याचा घास गिळवला नव्हता. दुष्काळाशी झुंजायला मकुएनीच्या काउंटी सरकारने निधी काढला होता, त्यातून त्यांच्या वॉर्डाला पंचेचाळीस लाख शिलिंग मिळणार होते. काम एकच, आणि कोणतं ते आज लोकांनीच ठरवायचं. बाहेरच्या देशांचा पैसाही त्यात होता म्हणे. कालोन्डूला एवढंच कळत होतं, की असा दिवस तिच्या पन्नास वर्षांत पहिल्यांदाच उगवला होता.

शेवटी दोन मागण्या उरल्या. पलीकडच्या गावच्या मुथोकाला, बकऱ्यांच्या व्यापाऱ्याला, बोअर हवी होती. कालोन्डूच्या बायकांच्या गटाला नदीत दगडी बांध हवा होता, मागे वाळू साठवणारा.

"बोअर मारा, बटण दाबा, हंडा भरा," मुथोका म्हणाला. "आणि ही म्हणते वाळू साठवा! कालोन्डू, पोरांना वाळू पाजणार का गं?"

हॉल खो-खो हसला.

"वाळू तू खा, मुथोका, दात तरी स्वच्छ होतील. आम्ही तिच्या पोटातलं पाणी पिऊ."

आता हॉल दुप्पट हसला. नैरोबीहून आलेली तरुण इंजिनियर न्डुंगे मात्र हसली नाही. "मावशी, दोन पावसाळे कोरडे गेलेत. वाळूत पाणी उरलंय, हे मी कशावरून मानू?"

"अकरा वर्षांपूर्वी आम्ही हातांनी एक छोटा बांध घातलाय. अर्ध्या तासावर आहे. चला, दाखवते."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं: महिनाभर तिकडे कोणी खड्डा खणला नव्हता. पण तोवर सगळा हॉल उठलाच होता.

उन्हात दीडशे माणसं नदीत उतरली. नदी कसली, पांढऱ्या वाळूचा नुसता पट्टा! कालोन्डूने पदर खोचावा तसं अंगावरचं लेसोचं कापड कमरेला आवळलं आणि कुदळ घातली. गुडघाभर खणलं. कोरडं. कमरेएवढं खणलं. वाळू भुसभुशीत, कोरडी ठणठणीत.

"बटण सापडलं का?" मुथोका ओरडला.

तिने आणखी जोरात कुदळ घातली. तेवढ्यात तिची मैत्रीण स्योम्बुआ गर्दीतून पुढे आली. "अगं वेडे, घाईत कुठे खणत बसलीस? इथे खाली खडक वर आलाय. बांधाच्या अंगाला ये!"

बांधाशी दोघी जणी खणू लागल्या. मग तिसरी उतरली, मग चौथी. आता कुणी हसत नव्हतं. हातभर खाली वाळूचा रंग बदलला. आणखी वीतभर, आणि ओली वाळू मुठीत गोळा व्हायला लागली. मग खड्ड्याच्या तळाशी एक गोल चमकला, पसरला, आणि बघता बघता घोट्यापर्यंत पाणी चढलं.

बायकांनी अशी आरोळी ठोकली, की काठावरच्या बकऱ्या उधळल्या. न्डुंगे बूट घालूनच खड्ड्यात उतरली. "थंड आहे!" ती लहान मुलीसारखी ओरडली आणि भराभर टेप लावून खोली मोजू लागली.

कालोन्डूने भोपळ्याचं पात्र भरून पहिल्यांदा मुथोकापुढे धरलं. तो गटागटा प्यायला. मिशा पुसल्या. "गोड आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे बोअरला खारट पाणी लागतं, हे मी सांगितलं नव्हतं." मग वळून गर्दीला म्हणाला, "बांध होऊ दे. पण खालच्या वळणावर! म्हणजे आमच्या गावालाही पुरेल."

"वळण अरुंद आहे, खडकही पक्का आहे," न्डुंगे म्हणाली. "तिथे खर्चही कमी येईल."

हात तिथेच वर झाले, वाळूतच. एकशे बेचाळीस. कालोन्डूने मोजायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आल्याने तिला नीट दिसेना. तिने चिखलाच्या हातांनीच स्योम्बुआला मिठी मारली.

ऑगस्टात काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी उजाडायच्या सुमाराला मुथोका चार बैलगाड्या भरून दगड घेऊन आला, आणि दगड कुठे उतरवायचे यावरून त्याचं आणि कालोन्डूचं दणदणीत भांडण जुंपलं.