एका दिवसाचं हैदराबाद

चांगुणाबाईंनी पदराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मगच भावनाचा मोबाईल दोन्ही हातांत धरला. काचेला पीठ लागलं असतं तरी भावना काही बोलली नसती. पण चांगुणाबाईंना हैदराबादला पिठाचा हात लावायचा नव्हता.

“हे चारमिनार, मोठी आई.”

“म्हाईत हाय मला. ह्याच्या बाजूच्या गल्लीत बांगड्या भेटतात. घेतल्या का?”

भावनानं लगेच हात पुढं केला. लाखेच्या, खडे बसवलेल्या बांगड्या होत्या. पुतण्याची ही नवी नवरी. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर बाहेरगावी जाऊन आली होती, आणि आल्या आल्या फोटो दाखवायला चुलत सासूकडं धावली होती. तिचा नवरा प्रेम दाराशी खाटेवर बसून चहा पीत होता.

“भाव कोणी केला?”

“भाऊजींनी. उर्दूत! दुकानवाला बघतच राह्यला.”

चांगुणाबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. उर्दूत भाव करणारे भाऊजी म्हणजे त्यांचा संघपाल.

खरं सांगायचं तर चांगुणाबाई कधी हैदराबादला गेलेल्या नव्हत्या. त्यांची धाव अंबडपर्यंत, फार तर जालन्यापर्यंत. पण वडीगोद्रीतून कुणी हैदराबादला निघालं, की आधी त्यांच्या दारात येऊन विचारून जायचं, असा रिवाजच पडून गेला होता. आणि त्याही शाळेत रोज पोरांना खिचडी वाढायच्या तशाच सढळ हातानं सांगायच्या. गोवळकोंड्याला सकाळीच जा, उन्हात चढवत नाही. खाली दरवाजात टाळी वाजवा, वर किल्ल्यावर ऐकू येते. म्युझियम शुक्रवारी बंद असतं. तिथलं घड्याळ बघायचं तर बाराच्या ठोक्याला बघा, आतून इवलासा माणूस येऊन घंटा वाजवतो. आणि तलावातला बुद्ध बघितल्याशिवाय कुणी परत येऊ नका, नावेत बसायची भीती वाटली तरी डोळे मिटून बसा. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचं अर्धं आयुष्य तिकडंच गेलं.

हे सगळं ज्ञान परत येणाऱ्यांनी आणून टाकलेलं होतं. संघपालला हैदराबादला जाऊन चार वर्षं झाली. आधी तो अंकुशनगरला साखर कारखान्यात हंगामी कामाला होता. हंगाम संपला की रिकामा. मग मित्राच्या ओळखीनं तिकडं गेला आणि कंपनीत सुपरवायझर झाला, असं त्यानं कळवलं. दर वर्षी चौदा एप्रिलला भीमजयंतीला यायचा, मिरवणुकीत नाचायचा, वडिलांच्या, सर्जेरावांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायचा आणि तिसऱ्या दिवशी निघून जायचा. गावातलं कुणी तिकडं गेलं, की मात्र हातातलं काम टाकून स्टेशनावर हजर. दिवसभर सगळं शहर दाखवायचा आणि संध्याकाळी बिस्किटांचा पुडा हातात देऊन परतीच्या गाडीत बसवायचा. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, पोरगा असावा तर असा.

चांगुणाबाई सगळं ऐकून घ्यायच्या. शेवटी हळूच विचारायच्या, “न् घर कसंय त्याचं?”

कारण त्यांना बघायचं होतं ते हेच. चारमिनार तर कॅलेंडरवरही दिसतो. पण पोरगं कुठं पाठ टेकतं, चहा करतं का विकतचा पितं, पावसाळ्यात कपडे कुठं वाळत घालतं, हे कुठल्या फोटोत येणार? शेजारच्या मालनबाई लेकीला परीक्षेला घेऊन गेल्या होत्या, त्या म्हणाल्या, “निघालो व्हतो की घरी. पर गाडीचाच टाईम झाला.” शाळेचे मच्छिंद्र सर तिरुपतीहून येताना एक दिवस थांबले होते, ते म्हणाले, “घरात रंगकाम चालू आहे म्हणाला.” चांगुणाबाईंनी त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं, कोणता रंग दिला रे? संघपाल जरा थांबून म्हणाला होता, आकाशी.

तेव्हापासून त्या रोज रात्री डोळे मिटायच्या आधी पोराला एका आकाशी खोलीत झोपवत. खोलीला एक खिडकी होती, खिडकीखाली गॅस होता. गॅस डाव्या हाताला असावा की उजव्या, हे काही त्यांचं ठरत नव्हतं. या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की स्वतःच जाऊन बघायचं, चांगले पंधरा दिवस राहायचं, त्याला हातचं करून घालायचं, असं त्यांनी नक्की केलं होतं. संघपालला सांगून झालं होतं आणि गल्लीला तर दोनदोनदा सांगून झालं होतं.

“हा पहिला फोटो बघा,” भावनानं बोटानं फोटो मागं सरकवले. “स्टेशनावरच काढला.”

फलाटावर प्रेम आणि भावना झोपमोड झालेल्या चेहऱ्यांनी उभे होते. मागं संघपाल. जरा वाळलेला. भांग नीट पाडलेला.

“ह्याचे केस ओले कशानं?” चांगुणाबाईंनी विचारलं.

“आंघोळ केल्ती ना! हा फोटो बाहेर निघताना काढेल हाय. आमी उतरलो तं भाऊजी फलाटावर उभेच. हे म्हणले, आधी तोंडबिंड धुऊ. भाऊजी म्हणले, चला, हितं पैसे देऊन आंघोळीची लई बेस्ट सोय हाय, म्या बी करून घेतो. त्यांच्या पिशवीत टावेल, साबण, दाढीचं सामान, समदं व्हतं. न् तिथला माणूस तर त्यांना नावानं हाक मारतो, मोठी आई! म्हणला, संघपालभाई, आज पाहुणे भी आये क्या. एवढ्या मोठ्या शहरात भाऊजींची किती वळख हाय बघा.”

भावना कौतुकानं सांगत होती. खाटेवरच्या प्रेमनं कप खाली ठेवला.

“भावना, फुडचे दाखव की,” तो म्हणाला. “बुद्धाचा दाखव.” आणि उगीचच उठून दारातल्या शेळीकडं गेला.

चांगुणाबाईंनी त्याच्या पाठीकडं पाहिलं. मग मोबाईलमध्ये पाहिलं. तलावाच्या मधोमध एकाच दगडातला बुद्ध उभा होता, मागं आभाळ भरून आलेलं होतं. त्यांनी सवयीनं हात जोडले. भावना पुढं बरंच काही सांगत राहिली, घड्याळातल्या माणसाचं, टाळीचं. चांगुणाबाई “हां, हां” म्हणत राहिल्या. एरवी त्यांनी तिला चार गोष्टी जास्तीच्या सांगितल्या असत्या. संघपालच्या घराचा विषय निघाला नाही, आणि त्यांनीही या खेपेला तो काढला नाही.

दोघं निघताना प्रेम चप्पल घालत घुटमळला.

“मोठी आई, संघपाल मजेत हाय. टेन्शन घेऊ नको.”

“म्या कशाचं घेऊ,” त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर त्या अर्ध्या राहिलेल्या पिठापाशी येऊन बसल्या. भाकरी काही थापली नाही. ज्याला घर आहे तो पहाटे स्टेशनावर जाऊन आंघोळ करत नाही. एखाद्या दिवशी पाहुण्यांसाठी केली म्हणावी, तर तिथला माणूस नावानं कसा ओळखतो? किती सकाळी गेल्यावर माणूस नावानं ओळखू लागतो? आकाशी खोली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. खिडकी गेली, गॅस गेला. पोरगं उघड्यावर उभं राहिलं आणि त्याला कुठं निजवावं हे त्यांना समजेना. चार वर्षं त्यानं अख्ख्या गावाला शहर दाखवलं, एवढं दाखवलं, की दमलेल्या पाहुण्यांना घराची आठवणही राहू नये.

फोन करून विचारता आलं असतं. सरळ विचारावं, बाबा रे, तू राहतोस कुठं? पण विचारल्यावर तो सांगेल, आणि सांगितल्यावर पुन्हा जयंतीला मान वर करून या गल्लीत नाचेल का? येईल तरी का? नवरा गेल्यापासून या घरात बोलायला शेळी होती आणि दोन दिवसाआड येणारा एक फोन होता. तो फोन गेला, तर मग काय राहतं, याचा विचार त्यांनी पुढं केला नाही.

दिवेलागणीला फोन वाजला.

“आई, जेवलीस का?”

“आत्ता कुठं. तू?”

“जेवलो की.”

अजून उजेड होता. चांगुणाबाईंनी दारातून आभाळाकडं पाहिलं.

“प्रेम-भावना पोचले ना बराबर?”

“पोचले. लई खूश हाय ती. बांगड्या दाखवत हिंडून राह्यली.”

संघपाल हसला. मग त्याचा आवाज बदलला. तिकडं गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

“आई, तू सुट्टीत यायचं म्हणली व्हतीस ना... म्या काय म्हंतो, आमच्या घरमालकाचं जरा...”

“म्या पंधरा दिवस न्हाई येत बाबा,” चांगुणाबाई घाईनं म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांना त्याच्या तोंडून येऊ द्यायचं नव्हतं. “शेळी कोणाच्या गळ्यात बांधू? एक दिवस येते. रातच्या गाडीनं निघन, सकाळी तिथं. संध्याकाळच्या गाडीत परत बसवून दे.”

“एकच दिवस?”

“मंग? तुमच्या त्या घरात बसून काय करू? घरं हितं काय कमी हायत? न् मला जिने चढवत न्हाईत आता. घरीबिरी नेऊच नको मला. शहर दाखव.”

चांगुणाबाई फोन कानाला घट्ट लावून उभ्या होत्या. एवढं सगळं स्वतःच बोलून झाल्यावरही त्यांना वाटत होतं, आता तो म्हणेल, असं कसं आई, घरी तर यावंच लागन. त्यानं तसं म्हणावं म्हणून त्या थांबल्या. एक रिक्षा तिकडं कर्कश वाजत निघून गेली.

“बराबर हाय, आई,” संघपाल म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं इथपर्यंत कळलं. “एका दिवसात समदं व्हतं. बिलकुल आरामात.”

आणि तो सुरू झाला. आधी चारमिनार, गर्दी व्हायच्या आत. मग म्युझियम, तिथं घड्याळ आहे आई, त्यातून एक छोटा माणूस येतो. येतो का? चांगुणाबाईंनी विचारलं. अगं खरंच येतो, घंटा वाजवतो. मग दुपारून बुद्ध, नावेतून जायचं, मी आहे ना, हात धरतो तुझा. त्याचा आवाज लहानपणी शाळेतून पळत येऊन काहीतरी सांगताना व्हायचा तसा झाला होता. चांगुणाबाई उंबऱ्यावर टेकल्या. असं का, असं का, म्हणत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. बघायला कुणी नव्हतं.

“न् जेवायला?” त्यांनी विचारलं.

“हॉटेलात जेवू की. बिर्याणी खा एकदा.”

“नको. म्या भाकरी घेऊन येते, ठेचा आणते. कुठंतरी सावलीला बसू दोघं.”

“मंग बागेत बसू,” तो उत्साहानं म्हणाला. “नामपल्लीला मोठी बाग हाय, आई. आत शिरलं की डाव्या हाताला चिंचेचं झाड हाय. लई गार असतं त्याच्याखाली. वॉचमन बी वळखीचा हाय, तो उठवत न्हाई. ऐतवारी म्या तिथंच...”

तो थांबला.

“कधी कधी बसतो तिथं,” तो म्हणाला. “असंच.”

बाहेर मालनबाई गाईला पाणी पाजत होत्या. बादलीची कडी वाजली. चांगुणाबाईंनी एकदा आवाज स्वच्छ करून घेतला.

“सावली लागते का बराबर?”

“संध्याकाळपर्यंत असते.”

“न् खाली काय, गवत हाय का मातीच?”

“गवत हाय, आई.”

“मंग स्टेशनावरून मला आधी तिथं ने,” चांगुणाबाई म्हणाल्या. “ते झाड दाखव. चारमिनारचं मंग बघू.”