लाल शाईचा मान

काशीनाथ गुरुजींची लाल शाई बोर्डीच्या अलीकडच्या गावांत प्रसिद्ध होती. सातवीच्या वह्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ते घरी नेत आणि ओटीवर मांडी ठोकून त्यांच्यावर तुटून पडत. बागाईतदाराच्या अमृतची वही हाती आली की त्यांच्या टाकाला स्फुरण चढे. ‘हे उत्तर कुठून आणलेस? वाडीत चिकूबरोबर पिकले काय?’ असे लिहून झाले की गुरुजी स्वतःच हसत, बायकोला हाक मारून वाचून दाखवत आणि पुढचे लिहीत. पाड्यावरच्या सोमीची वही मात्र शेवटी. तिची सगळी गणिते बरोबर असायची. एक खूण, खाली सही, की गुरुजी जेवायला मोकळे.

अठ्ठावन्न साली दिवाळीची सुटी संपली आणि सोमी चुकायला लागली. गुरुजींनी लिहिले, ‘लक्ष कुठे आहे?’ वही मिळताच पोरगी बक्षीस मिळाल्यासारखी हरखली आणि पुढच्या खेपेला दुप्पट चुकली. साध्या बेरजासुद्धा! सातवीची फायनल परीक्षा चार-पाच महिन्यांवर आलेली. ही पोरगी पास होणार, पुढे मास्तरीण होणार, असे गुरुजी भेटेल त्याला सांगत सुटले होते. त्यांनी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले.

“काय गं, डोकं गहाण टाकलंस?”

“बा अमृतचे वाडीत कामाला जातो,” सोमी म्हणाली. “त्यानं अमृतची वही बघली. पानभर लाल. माझे वहीत काय नाय. बा म्हनं, गुरुजी तुझेवर शाई खर्चीत नाय, तं शाळत बसून काय करशी? तलासरीला गवत कापाया चल.”

“अगं, लाल म्हणजे चूक!”

“सांगला. त्याला पटं नाय. म्हनं, चुकीवर कोन एवढा लिवल?”

“म्हणून तू चुकतेस?”

“आता थोडा लाल झालाय,” सोमी समाधानाने म्हणाली. “अजून झाला, का बा मला ठेवील.”

गुरुजी हसायला गेले, पण हसू फुटेना.

त्या संध्याकाळी त्यांनी तिची वही सर्वांत आधी उघडली आणि दिवाळीआधीचे पान काढले. ‘बरोबर’ लिहिले. पुढे काय? वीस वर्षे वाकडे लिहिण्यात मुरलेल्या हाताला चांगले लिहायला शब्द सापडेना. शाई टाकावर वाळून गेली.

“आज हसणं ऐकू येत नाही ते?” आतून बायकोने विचारले. गुरुजींनी टाक पुन्हा शाईत बुडवला. त्यांना लाज वाटत होती. शेवटी ते वहीच वाचायला लागले, आणि मग मात्र पान भरले.

दोन दिवसांनी सोमीचा बाप लडक्या शाळेच्या पडवीत उभा राहिला. कमरेला कोयता, हातात वही. त्याने अमृतला धरले.

“तू वाच. तुला लाल वाचायची सवय हाय.”

अमृत अडखळत वाचू लागला. ‘सोमी, प्रत्येक गणिताखाली तू बारीक अक्षरात ताळा करून पाहतेस. मी सांगितले नव्हते. वर्षभर ते माझ्या नजरेस आले नाही. ही चूक माझी.’

“पुन्ना वाच.”

अमृतने पुन्हा वाचले.

“आता तुझी वाच.”

अमृतने आपली वही सदऱ्याखाली सारली. लडक्या गुरुजींकडे वळला.

“पोरगी राहू दे शाळत,” तो म्हणाला. “गवत मी एकटाच कापीन.”