पाइपातला दुसरा आवाज

ठक.

हा पाइपाचा. खाली घरमालक श्रीकंठय्यांचं वॉशिंग मशीन चालू झालं की आमच्या मोरीच्या भिंतीत येतो.

हूंऽऽ.

हा माझ्या अप्पांचा.

घर देताना श्रीकंठय्यांनी विचारलं होतं, माणसं किती? इथं म्हैसुरात मालक पाण्याकडे बघून माणसं मोजतात. दोन, मी म्हणाले. तेव्हा खरंच दोनच होतो, मी आणि माझा नवरा लोकेश. मग अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. मालकमंडळी लग्नाला नंजनगुडला गेली त्या दुपारी आम्ही त्यांना उचलून जिना चढवला. त्यांचं कण्हणं मालकांना कळलं तर घर जाणार, हे ठाऊक होतं.

"वनजम्मा, वर काय हो सारखं घुमतं?"

"पाइप, सर. हवा अडकते."

दोन महिने पाइप, पाइप. इतकं पटवलं की त्यांनी स्वतःच प्लंबर बोलावला.

(तिथंच थांबवायला हवं होतं. काय सांगून?)

जवरप्पा आला. मागच्या अंगणातून पाइप वर जातो तिथं त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"ठक तुमच्या मशीनचा, स्वामी. झटक्यात पाणी तोडतं, मग पाइप हिसका खातो. वर क्लॅम्पही सुटलेत."

क्लॅम्प आवळले. मागं रबर घातलं. मशीनच्या नळाला पाण्याचा हिसका झेलणारी हवेची नळी बसवली. मशीन लावून बघितलं.

ठक गेला.

हूंऽऽ.

जवरप्पानं परत मूठ कानाला लावली. मग काढली. आमच्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. श्रीकंठय्या शेजारीच होते, मला हातही जोडता येईनात.

"हवा आहे," तो म्हणाला. "जुनी लाइन. थोडी राहणारच."

"थोडी? माझी आई विचारते, वर म्हैस बांधलीय का."

"भिंत फोडावी लागेल, स्वामी."

"आधी मेन कॉक बंद कर. पाणीच नसलं तर वाजेल कशाला?"

"त्यानं काही कळत नाही."

"सरक. मी करतो."

कॉक बंद. खालचा नळ उघडा. धार बारीक झाली. थेंब. थेंबही नाही. आम्ही तिघं रिकाम्या पाइपाकडे बघत.

अप्पा, झोपा. अप्पा, थोडा वेळ. अप्पा

हूंऽऽ.

आणि मग, अगदी स्पष्ट: "वनजा."

श्रीकंठय्या ओरडले नाहीत.

"माणसं किती?"

"तीन."

"रविवारपर्यंत खाली करा."

जवरप्पा खाली मान घालून पान्हे पिशवीत भरत होता. "पाणी सोडू का, स्वामी?"

"राहू दे."

मी वर गेले. अप्पांनी अंथरूण भिजवलं होतं. बादलीत पाणी दोन तांबे.